पाठमोरी खुर्ची

मी पुन्हा जागा बदलली तेव्हा कंडक्टर म्हणाला, "ताई, एकदा काय ते ठरवा. धुळ्यापर्यंत सगळ्या सीटा सारख्याच हलतात."

खिडकीजवळ ऊन येत होतं, मागे धक्के बसत होते, पुढे कोणाच्या तरी मोबाइलवर भजन चालू होतं. खरं कारण यातलं एकही नव्हतं. नाना, माझे वडील, चैत्रात गेले. तेव्हापासून मला कुठेच फार वेळ बसवत नव्हतं. दर शनिवारी कॉलेजची लायब्ररी बंद करून मी जळगावहून धुळ्याला आईकडे जायचे, रविवारी परत यायचे, आणि दोन्ही घरांत या खोलीतून त्या खोलीत फिरत राहायचे.

शेवटी मी एका काका-पुतणीच्या मागची सीट धरली. मुलगी नुकतीच बारावी झालेली असावी, मांडीवर कागदपत्रांची फाइल घट्ट धरून होती. काका तिशी ओलांडलेला, उंच, पायाशी केळीचं खोकं. एरंडोल आलं तरी दोघांचं भांडण संपत नव्हतं.

"काका, अठ्ठ्याण्णव पर्सेंटाइलला पुण्याच्या सरकारी कॉलेजात कॉम्प्युटर मिळत नाही. कुणालाच मिळत नाही."

"नाव टाकायला काय जातं?"

"आणि पप्पा म्हणतात, जळगावच टाक."

"तुझ्या पप्पांचा नकाशा जळगावला संपतो, ऋतिका."

"मग तुम्ही सांगा ना, प्रवेशाच्या यादीत वर कुठलं कॉलेज लावू?"

"मी कशाला सांगू? त्यासाठीच तर चाललोय. पितांबर सर सांगतील."

माझा हात पुढच्या सीटच्या दांडीवर होता. तो तिथेच राहिला.

"सर म्हणजे कसे माहितीये का," तो पुतणीला सांगू लागला, "त्यांच्या ओट्यावर एक वेताची खुर्ची आहे. अंगणातल्या लिंबाच्या झाडाकडे तोंड करून बसतात आणि आपल्याकडे पाठ. आपण मागे उभं राहायचं. मार्क सांगायचे नाहीत, पर्सेंटाइल सांगायचं नाही. ते एवढंच विचारतात – 'कुठे जायचंय?'"

"पाठ कशाला करतात?"

"तोंड दिसलं की आपण तोंड बघून बोलतो. समोरच्याला काय हवंय तेच सांगतो. पाठीला काय कळतंय... म्हणून पाठीला खरं सांगतो."

"आणि मग?"

"मग म्हणतात, 'ते वर लाव.' बाकीचं गणित नंतर."

"तुम्ही काय सांगितलं होतं?"

"मी म्हटलं, सर, कुठेच जायचं नाही. मला केळीतच राहायचंय." तो हसला. "बराच वेळ बोलले नाहीत. मला वाटलं, झोपले. मग म्हणाले, 'शेतकीचं कॉलेज वर लाव. राहायचं तर शिकून राहा.'"

अचानक तो मागे वळला. "मॅडम, तुम्ही धुळ्याच्या का? देवपुरात पितांबर सरांचं घर आहे, गणिताचे सर –"

"ठाऊक आहे," मी म्हटलं.

"अजून बसतात ना हो? रिटायर झाले असतील, पण जूनमध्ये पोरं येत असतील."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण 'बसतात' हा शब्द त्याच्या तोंडून इतका सहज आला होता... पारोळ्यापर्यंत तरी नाना जिवंत राहावेत असं मला वाटलं.

"मुलं येतात," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं. येत होती. फाटकातून ओट्यावरची रिकामी खुर्ची बघून परत जात होती.

पारोळ्याला बस थांबली. तो खाली उतरला आणि चहाचे तीन कप घेऊन आला. एक माझ्यापुढे धरला.

"मी मागितला नव्हता."

"धुळ्याचा पत्ता सांगणार आहात. फुकट कसा विचारू?" मग खोक्यात हात घालून म्हणाला, "केळं घ्या. आमच्याच बागेतलं, चोपड्याचं."

"मी केळी खात नाही."

"जळगावात राहून?"

"जळगावात राहते म्हणून."

तो मान मागे टाकून हसला, ऋतिकाही हसली, आणि सांगणं आणखीच अवघड होऊन बसलं.

"सर... नाहीत आता," मी म्हटलं. "चैत्रात गेले."

त्याने हातातलं केळं खोक्यात परत ठेवलं. मग म्हणाला, "तुम्हाला कुठून कळलं?"

"मी त्यांची मुलगी. कामिनी."

त्याने माझ्या हातातला कप काढून घेतला. चहा माझ्या ओढणीवर सांडत होता, ते मला कळलंच नव्हतं. 'वाईट झालं' नाही, 'देवाची मर्जी' नाही. त्याने फक्त कप घेतला आणि बस सुटेपर्यंत तो धरून उभा राहिला.

"काका, आपण इथूनच परत जाऊ या का?" ऋतिकाने हळू विचारलं.

"आई घरी असते," मी म्हटलं. "चहा घेऊन जा. हा तर सांडला."

---

आईला माणसं लागतात. चोपड्याचं नाव ऐकल्यावर तिने शहरी मराठी बाजूला ठेवून अहिराणी काढली.

"चोपडाना शेतस? मंग केळं लई उनात का नही?"

"लई उनू ना, काकू," म्हणत त्याने आणलेलं खोकं तिच्यापुढे ठेवलं. त्याचं नाव हेमराज. चोपड्याला केळीचं पॅकहाऊस चालवायचा, केळी धुऊन, पेट्यांत भरून परदेशी पाठवायचा. ऋतिका थोरल्या भावाची मुलगी. जळगावच्या होस्टेलवर राहून बारावी केलेली. सकाळी तिथेच कागदपत्रांची तपासणी उरकून दोघं इकडे निघाले होते.

ओट्यावर आल्यावर दोघंही खुर्चीपाशी थांबले. वेताच्या पाठीला नानांच्या खांद्यांचा खोलगट आकार होता. चैत्रापासून तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. आई झाडताना तिच्याभोवतीने झाडायची.

"मॅडम," हेमराज म्हणाला, "तुम्ही विचारा ना हिला."

"मी नाना नाही."

"सर व्हा असं कोण म्हणतंय? नुसतं पाठ करून बसायचंय."

"मुलीचं वर्ष आहे ते. माझ्या शब्दावर चुकलं तर?"

"सरांच्या शब्दावर कुणाचं चुकलं नाही?"

"चुकलं असेल. ते गणिताचे होते. मी पुस्तकांना नंबर घालते."

त्याने आग्रह केला नाही. ऋतिका मात्र खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहिली – मुलं उभी राहायची, बरोबर तिथेच. ओठ थोडे हलले असं मला वाटलं. मग ती बाजूला झाली.

मीही बारावीला तिथेच उभी राहिले होते. घरातल्या घरात, पण नानांनी मलाही पाठच केली होती. मी म्हटलं होतं, पुस्तकांत राहायचंय. नाना म्हणाले होते, "पगार कमी असतो." मग लिंबावरचा एक पक्षी उडून जाईपर्यंत थांबून, "वर लाव."

जाताना ऋतिकाने माझा नंबर घेतला. हेमराजने घेतला नाही. फाटकाशी मात्र तो वळला. "पुढच्या शनिवारीही याच बसने येता का?"

"का?"

"काही नाही. बस चांगली आहे."

---

पुढच्या शनिवारी तो बसमध्ये होता. एकटाच.

"धुळ्याला काम निघालं," तो म्हणाला.

"कसलं?"

"सापडलं की सांगतो."

त्याच्या पुढच्या शनिवारीही काम सापडलं नव्हतं. कंडक्टर त्याला भाऊ म्हणायचा, तिकीट काढणाऱ्या म्हाताऱ्या भाऊ म्हणायच्या, म्हणून मीही एकदा सवयीने म्हटलं, "हेमराजभाऊ, जरा खिडकी लावता का?"

त्याने खिडकी लावली. मग म्हणाला, "अख्खा जिल्हा मला भाऊ म्हणतो. तुम्ही तेवढं नका म्हणू."

"मग काय म्हणू?"

"नावात काही कमी आहे का?"

मी बाहेर बघत राहिले. पेरण्या झालेल्या काळ्या रानांवर बारीक भुरभुर पडत होती, काचेवर थेंब तिरके पळत होते. मला आठवलं, पहिल्या दिवसापासून त्याने मला एकदाही ताई म्हटलं नव्हतं. खानदेशात हे सोपं नाही. इथे अनोळखी बाईला हाक मारायची तर जिभेवर आधी तोच शब्द येतो.

"लग्न का नाही केलंत?" मी विचारलं आणि लगेच पस्तावले.

"मी नाही केलं असं नाही. झालं नाही. शेती म्हटलं की मुली पुढचं ऐकत नाहीत. लोकांच्या यादीत मी खालीसुद्धा नसतो, मॅडम. मी यादीतच नसतो." तो हसतच बोलला. "तुमचं?"

"ठरता ठरता राहिलं. मग नाना आजारी पडले." मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होते. "आता धुळ्याला बदली मागितलीय. आमच्या संस्थेचं तिथे कॉलेज आहे. आईजवळ राहीन."

"काकूंनी बोलावलंय?"

"ती बोलावणार नाही. पण कोणी तरी राहायला हवं."

"तुम्हाला यायचंय?"

"मिळेल. जागा रिकामी आहे."

"मी ते विचारलं नाही," तो म्हणाला. "म्हणजे खात्रीचं वर लावलंत."

मी उठले आणि दोन सीटा पुढे जाऊन बसले. मागून कंडक्टर म्हणाला, "ताई, आज पण?"

धुळं येईपर्यंत मी मागे पाहिलं नाही. पण स्टँडवर उतरताना माझी पिशवी आधीच त्याच्या हातात होती, आणि ती परत घेताना आमच्या दोघांची बोटं बंदातच थोडी घोटाळली... कोणी सोडायची आणि कोणी धरायची, हे चटकन ठरेना.

रात्रीच्या भाकरी थापताना आई म्हणाली, "बदली कशाला मागितलीस?"

"तुझ्यासाठी."

"मना साठे?" तिने भाकरी उलटली. "मला विचारलंस?"

---

बुधवारी मी लायब्ररीत नवी पुस्तकं लावत होते. फोन वाजला. ऋतिका होती आणि रडत होती.

"मॅडम, पप्पांनी जळगाव वर लावलं. एक नंबरला. उद्या दुपारी यादी पक्की करणार."

"तू काही बोलली नाहीस?"

"म्हटलं, तुम्ही म्हणाल तसं."

मी हेमराजला फोन केला. नंबर ऋतिकाकडूनच घ्यावा लागला. तो मुंबईला होता, बंदरावर, केळीच्या कंटेनरपाशी.

"तुम्ही जा चोपड्याला," तो म्हणाला.

"मी? तुम्ही भावाशी फोनवर बोला."

"लहान भावाचं कोण ऐकतं? मी बोललो तर दादा हट्टाला पेटेल. तुमचं ऐकेल. तुम्ही सरांच्या आहात."

"मी नाना नाही, हेमराज."

पलीकडे बंदराचे आवाज येत होते. मग तो म्हणाला, "नुसतं नाव घेतलंत."

"आत्ता ते महत्त्वाचं आहे का?"

"मला आहे."

मी फोन ठेवला. हातातली दोन पुस्तकं भलत्याच कप्प्यात लावली, काढली, पुन्हा भलतीकडेच लावली. भीती कसली होती, ते मला नीट माहीत होतं. मी गेले नाही तर मुलीला हवं ते मिळणार नाही. मी गेले, माझं ऐकलं गेलं, आणि नंतर काही बिनसलं तर ते माझ्या नावावर. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी स्टँड गाठला.

चोपड्याच्या रस्त्यावर तापी लागते. जुन्या पुलाशेजारी नव्या पुलाचे खांब पाण्यात उभे होते, वर लोखंडी गज मोकळे. पिवळी शिरस्त्राणं घातलेली माणसं त्यांवर मुंगीएवढी दिसत होती. बस पार होईपर्यंत मी बघत राहिले, का ते माहीत नसताना.

ऋतिकाचे वडील रुपचंदभाऊ शांत माणूस निघाले. मी भांडायच्या तयारीने गेले होते, आणि त्यांनी मला कूलरच्या समोरची चांगली खुर्ची दिली. तिची आई लताबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि दारातच थांबली. ऋतिका भिंतीला टेकून उभी होती.

"सरांचं हेमराजकडून कळलं," भाऊ म्हणाले. "त्यांच्यामुळे आमचा हेमराज शिकला. नाहीतर बागेत झोपा काढायचा. बोला मॅडम."

"भाऊ, जळगाव वर का लावलंत?"

"मिळतंय म्हणून. शंभर टक्के मिळणारं वर नको?"

"नको. प्रवेशाचं यंत्र यादी वरून वाचत येतं. जे मिळतंय तिथे थांबतं, खालची नावं बघत नाही. आणि पहिल्या फेरीत एक नंबरचं लागलं, की दार बंद. तेच घ्यायचं, नाहीतर बाहेर पडायचं. तुम्ही जळगाव वर ठेवलंत तर पुण्याचा विचारच होणार नाही."

"आणि पुणं वर ठेवलं अन् मिळालं नाही तर?"

"तर यंत्र खाली येतं. जळगाव तिथंच असतं. खाली लावलं म्हणून ते दूर जात नाही."

त्यांनी विचार केला. "एवढं सोपं आहे तर लोक उलटं का लावतात?"

"भितात. वाटतं, वर नाही लावलं तर मिळणारंसुद्धा रुसेल."

बोलून गेले आणि माझं मलाच ते वाक्य कानांत वाजत राहिलं. मी खुर्चीत उगाच सरकून बसले.

"गणित पटलं," रुपचंदभाऊ म्हणाले. "पण खरं सांगू का? माझं गणिताचं काही नव्हतंच. एकच पोरगी आहे. जळगाव म्हणजे शनिवारी घरी येते."

लताबाईंनी पदर तोंडाशी धरला.

"तिला विचारलंत?"

"विचारलं ना. म्हणते, तुम्ही म्हणाल तसं."

"ती तुमच्या तोंडाकडे बघून म्हणाली, भाऊ." मला नानांची पाठ दिसली, मानेजवळ उसवलेला सदरा दिसला. "एकदा तिच्याकडे पाठ करून बसा. आणि विचारा, कुठे जायचंय."

"असं?" ते हसले. लताबाईही हसल्या. पण ते उठले आणि प्लॅस्टिकची खुर्ची उचलून कूलरकडे तोंड करून बसले. बाईमाणसासमोर पाठ करून बसायचं त्यांना अवघड वाटत होतं. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"कुठे जायचंय गं?"

कूलरमधलं पाणी ठिबकत होतं. ऋतिकाने माझ्याकडे पाहिलं. मीही मान वळवली.

"पुण्याला," ती म्हणाली. "पण कॉम्प्युटर नाही. सिव्हिल."

लताबाईंनी तांब्या खाली ठेवला.

"मला पूल बांधायचाय, पप्पा. तापीतले खांब दोन वर्षं बघतेय मी, पाण्यातून वर येताना. होस्टेलवरून येता-जाता मुद्दाम त्याच बाजूला बसते. काकांना पण सांगितलं नाही. ते कॉम्प्युटर कॉम्प्युटर करतात. म्हटलं, सगळे हसतील."

भाऊ वळले नाहीत. "उन्हात उभं राहावं लागतं."

"तुम्ही राहताच की."

त्यांच्या खांद्यांकडे बघत आम्ही तिघी थांबलो. कूलरच्या वाऱ्याने टोपी गुडघ्यावरून खाली पडली. त्यांनी ती उचलली नाही.

"वर लाव," ते म्हणाले.

हे शब्द मी त्यांना शिकवले नव्हते.

मग आम्ही चौघं मिळून यादी लावली. कॉम्प्युटरला जे दार बंद होतं ते सिव्हिलला किलकिलं होतं. गेल्या वर्षीचे आकडे आणि मुलींच्या राखीव जागा धरल्या, तर ऋतिका उंबऱ्यावर उभी होती. आत की बाहेर, ते कोणीच सांगू शकत नव्हतं. पुणे सिव्हिल वर, मुंबईचं सिव्हिल खाली, त्याखाली जळगाव.

परतीच्या बसमध्ये हेमराजचा फोन आला.

"सिव्हिल?" तो म्हणाला. "मी तिचा काका, आणि मला माहीत नाही?"

"तुम्ही तिला तोंड दाखवत होतात."

"हं." थोडं थांबून, "कुठल्या बाजूला बसलाय तुम्ही?"

"खांबांच्या."

---

पहिल्या फेरीत जळगाव लागलं.

ऋतिकाने फोन उचलला नाही. रुपचंदभाऊंनी मला फोन केला. "मॅडम, झालं का दार बंद?"

"नाही भाऊ. आपण ते वर ठेवलं नव्हतं, म्हणून नाही. ही जागा धरून ठेवा आणि पुढची फेरी येऊ द्या."

"वर ठेवलं असतं तर?"

"तर आज संपलं असतं."

ते दिवस कसे गेले ते सांगता येत नाही. मी लायब्ररीत जिने चढत-उतरत होते. हेमराज म्हणे पॅकहाऊसमध्ये पेट्यांना दोन-दोन वेळा चिकटपट्टी मारत होता. शनिवारच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. त्याचा गुडघा हलत होता. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला – नुसता थांबवण्यासाठी. तो थांबला. हात काढायचं मात्र माझ्या लक्षात आलं नाही, आणि त्यानेही आठवण करून दिली नाही.

त्याच आठवड्यात माझी बदली मंजूर झाली. येणार की नाही, ते सोमवारी कळवायचं होतं.

रविवारी दुपारी फाटक वाजलं. सकाळीच धुळ्याला हेमराजचं काम निघालं होतं, खरंखुरं, आणि ते करून तो आला होता. सदरा पावसाने खांद्यांवर भिजलेला, एका हातात पेढ्यांचा पुडा, दुसऱ्यात केळ्यांची पिशवी.

"लागलं," तो फाटकातूनच म्हणाला. "पुणे. सिव्हिल."

मी ओट्याचा खांब धरला. आई आतून आली, पेढा तोंडात टाकला, आणि मग विचारलं, "कोन लागनं?"

"ऋतिका, काकू. इंजिनिअर होणार. पूल बांधणार."

"आणि भाऊ?" मी विचारलं.

"दादा सकाळपासून तापीवर गेलाय. खांबांकडे बघत उभा आहे म्हणे. वहिनीने दोनदा माणूस पाठवला, जेवायला येत नाही." तो हसला, पण डोळे पुसायला त्याला बाही लागली. "सर असते तर..."

"असते तर त्यांनी एवढंच म्हटलं असतं, 'आता अभ्यास कर.'"

आम्ही दोघं हसलो. मग दोघंही खुर्चीकडे बघत राहिलो. आई ज्वारीच्या बिबड्या तळायला आत गेली. लिंबाच्या पानांवर भुरभुर वाजत होती. मी पेढ्यांचा पुडा उचलला, कठड्यावर ठेवला, पुन्हा उचलला.

"ऑर्डर आली?" त्याने विचारलं.

"आली. उद्या कळवायचंय."

"काय कळवणार?"

"तुम्ही सांगा."

"मी कशाला सांगू?" तो म्हणाला. "माझ्या तोंडाकडे बघून बोलाल."

तो खुर्चीजवळ गेला. तिच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "बसू?"

चैत्रापासून ती रिकामी होती. मी नाही म्हणाले असते तर तो पायरीवर बसला असता; कधी पुन्हा विचारलंही नसतं. मी मान हलवली.

तो बसला. वेत करकरला – तसाच, नानांच्या वेळी करकरायचा तसाच. पण पाठ नानांची नव्हती. रुंद होती, ओली होती, आणि श्वास घेताना जरा जास्तच हलत होती. त्यालाही भीती वाटत होती. हे मला तोंड बघून कधी कळलं नसतं.

मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. मुलं उभी राहायची तिथे.

"कुठे जायचंय?" त्याने विचारलं.

धुळं. आईचं घर, रिकामी जागा, मंजूर झालेली. तो शब्द तयार होता. पण पाठीला तो सांगता येईना.

"चोपड्याला," मी म्हटलं.

लिंबावरून पाणी गळत होतं.

"नोकरी जळगावचीच," मी भराभर बोलत गेले, "ती सोडणार नाही. रोज बसने जाईन. खांबांच्या बाजूला बसून. शनिवारी इकडे आईकडे... आणि केळी खाणार नाही."

तो गप्प. मी वाट पाहिली. अजून गप्प.

"झोपलात का?"

"नाही." आवाज बसका होता. "सर एवढा वेळ गप्प का राहायचे, ते आत्ता कळलं."

"का?"

"बोलायला आवाज लागतो."

स्वयंपाकघरातून झाऱ्याचा आवाज थांबला होता. केव्हापासून, कोण जाणे. "वर लाव व माय, वर लाव," आई आतून म्हणाली. "माले आठे चौकीदार नको शे."

त्याचे खांदे हसण्याने हलले. माझेही.

"वळू का आता?" त्याने विचारलं.

"नाना मूल निघून गेल्याशिवाय वळत नसत."

"मग निघा तुम्ही."

"मी नाही जात."

"मग मी असाच बसू?"

"बसा."

मी त्याच्या मागे पायरीवर बसले. खोलीत जावंसं वाटलं नाही, अंगणात उतरावंसं वाटलं नाही. पावसाचे बारीक थेंब पायांवर येत होते ते येऊ दिले. मग पिशवीतून एक केळं काढलं आणि सोलायला लागले.

"कसला आवाज येतोय?" तो म्हणाला.

"बघू नका," मी म्हटलं.